अकराव्या खांबाचा बुंधा

आकाराम सुतार एका जागी बसलेला मी फारसा पाहिला नाही. चहासुद्धा तो उभ्यानेच, बशीत ओतून, दोन घोटांत संपवायचा. बशी खाली ठेवता ठेवता जवळच्या कुठल्या तरी लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करायचा. दाराची चौकट असो, बाकडं असो, नाही तर एस.टी.च्या खिडकीची पट्टी. आवाज ऐकायचा, मान जराशी कलती करायचा आणि पुढे जायचा. त्याला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी, २६ नोव्हेंबर १९७४ च्या पानावर, मी लिहिलं आहे: ‘नवा सुतार आला. वय पन्नाशीच्या पुढे. अस्वस्थ माणूस. सारखा लाकूड ठोकतो.’

त्या वेळी मी साताऱ्यात होते. आम्ही सांगलीचे, हळदीच्या पेठेतले जुने जैन. माझा मुलगा अजितकुमार इंजिनिअर आहे. विश्रामबागेत त्याने नवं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा साताऱ्याच्या मंगळवार पेठेतलं एक जुनं घर लाकडासाठी विकायला निघाल्याचं त्याला कळलं. नुसती लाकडं न घेता घराचा सगळा सांगाडाच उतरवून सांगलीत पुन्हा उभा करायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. 

“आई, प्रत्येक लाकूड कुठल्या खणातलं, कुठल्या बाजूचं, हे कुणी तरी नीट लिहून ठेवायला हवं,” तो म्हणाला. “नाही तर सांगलीला घर यायचं नाही, सरपण येईल. तुझ्याइतकं बारीक कोण लिहितं?”

पाचगणीच्या कॉन्व्हेंटात असताना सिस्टर रोज झोपण्यापूर्वी दिवसाची नोंद लिहून घ्यायच्या. ती सवय मला लग्नानंतर, आणि यजमान गेल्यावरही, सुटलेली नाही. तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी मी चार वह्या, दोन पेन्सिली आणि एक स्वेटर घेऊन साताऱ्याला एका नातेवाइकांकडे राहायला गेले.

घर शके १८०१ मधलं, म्हणजे १८७९ सालचं. दरवाजाच्या गणेशपट्टीवर तसं कोरलेलं होतं. मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेल्या माने नावाच्या गृहस्थांनी ते बांधलं. वाडा म्हणावा इतकं मोठं नव्हतं. पेठेतल्या अरुंद रस्त्यावर तोंड, आत लांबच लांब, वर एक मजला. माझा समज होता, घर भिंतींवर उभं असतं. या घरात भिंती नुसत्या भरलेल्या होत्या. पांढऱ्या मातीची भेंडी, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मोठ्या विटा, खांबांच्या मधल्या जागेत रचून वर मातीचा गिलावा केलेला. सगळा भार अठ्ठावीस सागवानी खांबांवर. प्रत्येक खांब दगडी तळखड्यात बसवलेला, डोक्यावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घरात खिळा असा नव्हताच. खांबाच्या टोकाला तासून काढलेली जीभ तुळईच्या भोकात जाऊन बसायची, तिला सुतार कुसू म्हणतात. जिना भिंतीच्या पोटातून वर गेला होता. खालून पाहिलं तर कपाटाचं दार वाटे. मागच्या हौदात पूर्वी महादऱ्याच्या तळ्याचं पाणी खापरी नळाने येत असे, असं लालासाहेब सांगत.

लालासाहेब माने हे घराचे शेवटचे मालक. वय एकाहत्तर, कानाला मफलर, बोलणं तिरकस. घर विकून ते इस्लामपूरला मुलीकडे जाणार होते, पण शेवटची फळी निघेपर्यंत हलणार नाही म्हणून ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते.

घर उतरवायला अजितने साताऱ्यातलेच लोक ठरवले होते. त्यांचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आकाराम आला. माण तालुक्यातल्या एका खेड्याहून, दहिवडीच्या पुढून, एस.टी.ने. बरोबर त्याचा मेव्हणा ज्ञानू, चाळिशीचा, तोंडात कायम तंबाखू.

“घर मी उतरीवणार,” आकाराम मला म्हणाला. नमस्कार नाही, नाव नाही.

“माणसं ठरली आहेत,” मी म्हटलं.

“ती पाडत्याली, आक्का. उतरवायची न्हाईत. ह्ये घर माझ्या आज्यानं उभं केलंय. कुठली जीभ कुठल्या भोकात हाय ते मला बघायच्या आदी ठावं हाय.”

ओसरीवरून लालासाहेब हसले. “कोंडीबा सुताराचा नातू का रे तू?”

“व्हय जी.”

“मग द्या हो बाई त्यालाच काम. त्याला खांब बघायचेत. मोजून अठ्ठावीस.”

आकारामने खाली मान घातली आणि दाराच्या चौकटीवर टकटक केली. काम मी त्याला दिलं, ठरलेली माणसं त्याच्या हाताखाली दिली; पण लालासाहेबांच्या बोलण्यातली खोच मला कळली नाही. कळली तिसऱ्या दिवशी, तीही टांगेवाल्याकडून. मी पेठेचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, “उलट्या खांबाच्या घराकडं व्हय?”

मी ज्ञानूला विचारलं. त्याने तंबाखू थुंकून सगळं सांगितलं. आकाराम ऐकू येईल इतक्या अंतरावर वाकसाला, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराला, धार लावत होता, तरी सांगितलं.

झाड जसं उभं वाढतं तसाच त्याचा खांब उभा राहिला पाहिजे, बुंधा खाली, शेंडा वर. सुतारांचा हा पहिला नेम. खांब उलटा लागला तर घरात वंश वाढत नाही. आणि माने यांच्या घरात तीन पिढ्या मुलगा झाला नव्हता. घर बांधणाऱ्या माने यांनी दत्तक घेतला, त्या दत्तकाने दत्तक घेतला आणि त्यानेही दत्तक घेतले ते हे लालासाहेब. पहिल्या दत्तकाच्या वेळीच पेठेत बोललं जाऊ लागलं की कोंडीबा सुताराने एक खांब उलटा लावलाय. कुठला, ते कुणी सांगू शकत नव्हतं. बरेचसे खांब अर्धेमुर्धे भिंतीत गेलेले. कोंडीबा म्हणायचा, उलटा नाही. पण त्याला साताऱ्यात काम मिळेना. तो माणात निघून गेला. बदनामी त्याच्या आधी गावात पोचली होती.

“तवापासनं ह्येंच्या घरानं खांब उभा केला न्हाई, आक्का,” ज्ञानू म्हणाला. “नांगर करा, गाडीची चाकं करा, पाळणा करा, तिरडीसुदिक करा. पर कुणी नवं घर बांदाय काडलं की पयला खांब उभा करायला दुसऱ्या गावचा सुतार आणत्यात. आन् ह्यो बाजूला हुबा ऱ्हातो. ह्येचा बा बी तसाच हुबा ऱ्हायला. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडाय गेलो तर तितला मुकादम बी म्हनायचा, उलट्या, पाटी सुलटी धर!”

तो हसला. आकाराम हसला नाही.

“मग तुम्हाला काय वाटतं?” मी आकारामला विचारलं.

“वाटून काय करायचं? बगायला आलुया,” तो म्हणाला. “सुलटं निघालं तर सांगलीत तुमचं घर मी उभं करीन. माझ्या हातानं. मंग गावात जाऊन सांगंन.”

“आणि उलटा निघाला तर?”

त्याने वाकस उचलला आणि कामाला लागला.

पुढचे साडेचार आठवडे मी रोज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच त्या घरात होते. आधी कौलं उतरली, मग फळ्या, कड्या, तुळया. आकाराम प्रत्येक लाकडाच्या लपलेल्या बाजूला पटाशीने खुणा करायचा आणि मला ओरडून सांगायचा. मी वहीत नकाशा काढून नंबर घालायचे. खांबांची पाळी आली तेव्हा त्याचं ओरडणं बंद झालं. खांब तळखड्यातून सुटला की तो आधी त्यावरून हात फिरवायचा. फांदी फुटलेल्या जागी गाठ असते आणि ती शेंड्याच्या दिशेने कललेली असते. ती सापडली की बुंधा कुठला ते कळतं. गाठ नसेल तर सुतळीने मापून बरोबर मधोमध दोर बांधायचा, खांब टांगायचा आणि वाट पाहायची. चारही अंगांनी सारखा तासलेला असला तरी बुंध्याकडचं लाकूड घट्ट, जड. ते टोक हळूच खाली येतं.

पहिला खांब सुलटा निघाला. दुसरा, तिसरा. सातव्याला टोक कुठल्याच बाजूला जाईना, तेव्हा तो खांबाभोवती इतक्या फेऱ्या घालू लागला की मलाच चक्कर आली. शेवटी ते जायचं तिकडेच गेलं.

“काय आकाराम, सापडला का आजोबांचा पराक्रम?” लालासाहेब रोज विचारायचे.

“आजून न्हाई जी.”

“नसेल तर एखादा घाल बाबा उलटा. इतकी वर्षं लोक बोलतायत, त्यांना खोटं पाडू नकोस.”

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, “लालासाहेब, त्याला लागतं हो.”

“मला काय कमी लागलंय बाई?” ते म्हणाले. “मला दोन मुली झाल्या, तेव्हा माझी बायको या घरातल्या प्रत्येक खांबाला हळदकुंकू लावून फिरली. कुठला ते माहीत नव्हतं ना.”

सत्तावीस खांब सुलटे निघाले. राहिला अकरावा. जिन्याच्या वळणावरचा, भिंतीच्या पूर्ण पोटात गेलेला. २७ डिसेंबरला तो बाहेर आला. वाळवी लागू नये म्हणून त्याला टोकांसकट डांबर फासलेलं, त्यामुळे गाठी दिसेनात. त्यातच सदुसष्टच्या भूकंपानंतर धसका घेऊन लालासाहेबांनी जिन्याजवळच्या खांबांना लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या होत्या. अकराव्याची पट्टी, वरच्या मजल्याची फळी उचकटून मारलेली, वरच्या टोकाला घट्ट गंजून बसली होती. दोराला टांगला तर लोखंडाच्या वजनानेच ते टोक खाली येणार. आकारामने ठोकून पाहिलं, कान लावून पाहिलं, हुंगून पाहिलं. बाहेर ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

“चडवा,” शेवटी तो म्हणाला. “सांगलीत बगू.”

ट्रकमध्ये तो त्या खांबावरच बसून आला. कऱ्हाडला आम्ही चहाला थांबलो तेव्हाही उतरला नाही.

सांगलीत लाकडं आधी नदीत भिजत घालायची होती, म्हणजे आतली कीड मरते. आयर्विन पुलाच्या अलीकडे, घाटाखाली, दोर बांधून ती कृष्णेत सोडली. अकराव्याची पट्टी लोहाराने छिन्नीने तोडली. ९ जानेवारीला दुपारी अडीच वाजता आकारामने तो खांब मोकळा करून संथ पाण्यात सोडला. जे टोक साताऱ्याच्या घरात वर होतं, त्याला त्याने खडूने फुली मारली होती. घाटावर तो, ज्ञानू आणि मी. बाकीचे जेवायला गेले होते.

पाणी शांत व्हायला थोडा वेळ लागला. मग फुलीचं टोक हळूहळू खाली गेलं आणि दुसरं वर आलं. फरक चार बोटांचा असेल. पण तो दिसत होता.

आकाराम कमरेएवढ्या पाण्यात उतरला, खांब फिरवला, पुन्हा सोडला. पुन्हा फुलीच बुडली. तिसऱ्यांदाही.

“वाऱ्यानं आसंल,” ज्ञानू म्हणाला.

“वारा कुठाय रं?”

“मंग मागनं दुरुस्तीत कुणी तरी फिरवला आसंल. तुज्या आज्यानंच लावला कशावरनं?”

“जिन्याच्या पायऱ्यांच्या खाचा त्येच्या अंगात हैत. खांब फिरवला तर खाचा उलट्या व्हत्यात. जिना आज्याचा. म्हंजी खांब बी आज्याचा.”

“गप मंग. तिगांबिगर कुणी बगितलं न्हाई.” ज्ञानूने माझ्याकडे पाहिलं. “आक्का काय सांगत्यात व्हय?”

आकाराम पाण्यातून वर आला. धोतर पिळायचंही त्याला सुचलं नाही. “आक्का, लिवलं का?” त्याने विचारलं.

“अजून नाही. लिहू?”

तो घाट चढून गेला. त्या दिवशीच्या पानावर मी ‘अकरावा खांब पाण्यात तपासला’ इतकंच लिहिलं आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या. असं मी कधी केलेलं नाही.

चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. ज्ञानू दोनदा स्टँडवर जाऊन आला. अजित चिडला. तो हे काही मानत नाही. पण २४ तारखेचा खांब उभे करण्याचा मुहूर्त आमच्या उपाध्यांनी काढला होता आणि मुख्य सुतारच गायब. मला घरात स्वस्थ बसवेना. खरं सांगायचं तर मला आणखी एक चिंता होती. माझी सून गुणमाला हिला दोन मुलीच. तिसऱ्या वेळी दिवस गेले होते. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी. तरी त्या चार रात्री मला झोप नीट लागली नाही, हे डायरीत आहे.

तेरा तारखेला सकाळी आकाराम आला. दाढी वाढलेली, पायांवर धूळ. तो साताऱ्याला जाऊन आला होता. रिकाम्या झालेल्या जागेत जाऊन खांबांच्या जागा पुन्हा पाहून आला होता.

“आक्का, भूकंपाच्या भेगा कुठं कुठं हुत्या ते तुमी लिवलंया न्हवं? वाचा की.”

मी पहिली वही आणली. घर उतरवण्याआधी प्रत्येक खणाची अवस्था मी टिपून ठेवली होती. मी वाचत गेले. पहिला खण, उत्तरेच्या भिंतीला भेग, हात जाईल इतकी. दुसरा, तुळई सरकलेली. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकात काही ना काही. जिन्याच्या खणाशी आले आणि माझ्याच अक्षरातलं वाक्य मला नव्याने दिसलं: ‘भेग नाही. गिलावाही शाबूत.’

“पुन्यांदा वाचा,” तो म्हणाला.

मी वाचलं.

“तितं दोन तुळया एका डोसक्यावर येत्यात,” तो येरझारा घालत बोलू लागला. “बाकी समद्या खांबांवर येक. ह्येच्यावर दोन, आन् वर जिन्याचा भार. शेंड्याकडचं लाकूड तितं चेपलं आसतं. म्हनून आज्यानं घट्ट टोक वर घेतलं. चुकून न्हाई. समजून. आन् मंग डांबर फासून भिताडात गाडला, कुणाला दिसू नये म्हनून. आन् जलमभर खोटं बोलला.” तो थांबला. “शाणा हुता. आन् लय भ्यालेला हुता.”

“आता लिहू का मी?”

“लिवा.”

संध्याकाळी अजितला सगळं सांगितलं. अजितने कागदावर आकृती काढली आणि म्हणाला, “बरोबर आहे त्याच्या आजोबांचं. पण एवढं कशाला? त्या जागी नवा सागवानी खांब आणू. हा ठेवून देऊ बाजूला. कुणाला काही सांगायची गरज नाही.”

“ऐक, आकाराम, ऐक,” ज्ञानू म्हणाला. “नवा खांब, बुंधा खाली, समदं गोड. गावात जाऊन सांग, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सुलटं.”

मला ठाऊक होतं की आकारामला हे हवं होतं. तीन पिढ्या त्यासाठीच तर ताटकळल्या होत्या. त्याने टेबलाच्या पायावर पेराने टकटक केली. आवाज ऐकला. मग म्हणाला, “जो खांब भूकंपात हालला न्हाई त्येला चुलीत घालू? आन् आज्यासारकंच खोटं बोलत हिंडू?” तो माझ्याकडे वळला. “पर घर तुमचं, आक्का. तुमी नगं म्हना, मी नवा घालतो. तुमी व्हय म्हना, तर तसाच लावतो, बुंधा वर. भितीत न्हाई. उगडा. आन् चार मान्सांत सांगून.”

मी गुणमालाकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती.

“माझ्याकडे काय बघता, आत्याबाई?” ती म्हणाली. “आपल्या गल्लीत पोर नसलेली पाच घरं आहेत. पाचही सिमेंटची. त्यांचा खांब कुणी उलटा ओतला?”

अजित मोठ्याने हसला. मी हो म्हटलं.

आता १९७८ साल चालू आहे आणि मी हे त्या वह्या समोर ठेवून लिहिते आहे. गुणमालाला तिसरीही मुलगीच झाली. ती आता तीन वर्षांची आहे आणि अकराव्या खांबाला विळखा घालून गरगर फिरत असते. आमच्या नात्यातल्या दोन बायका अजून त्या खोलीत बसत नाहीत. आकारामला त्याच्या गावात अजूनही कुणी पहिला खांब उभा करायला बोलावत नाही. आधी नुसता संशय होता, आता त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मागच्या वर्षी तो सांगलीत भेटला तेव्हा एका स्लॅबच्या कामावर फळ्या ठोकत होता. त्याला पश्चात्ताप होतो का, हे मी विचारलं. “झोप लागती,” इतकंच म्हणाला, आणि हे म्हणताना ठोकत राहिला.

पण त्या २४ जानेवारीचं सांगायचं राहिलं. शुक्रवार होता, थंडी कडक होती. तळखडे बसवून झाले होते. उपाध्यांनी पूजा केली. आमच्या हळदीच्या पेठेतली पन्नासेक माणसं आली होती. अजितने बोलावलं म्हणून लालासाहेब इस्लामपूरहून आले. मदतीला सांगलीचा सिद्धू सुतार आणि त्याची तीन माणसं होती.

पहिला खांब म्हणून सिद्धूने एक नंबरचा पुढे आणला. आकाराम म्हणाला, “त्यो न्हाई. अकरा नंबर आणा.” अकरावा आणला. डांबर खरवडून काढल्यावर त्याचं लाकूड मधासारखं दिसत होतं. तो उचलायला चौघांनी हात घातले, तेव्हा आकाराम मोठ्याने बोलला. आवाज फाटत होता.

“आदी आयका. ह्यो साताऱ्याच्या मान्यांच्या घरचा खांब. माझ्या आज्यानं, कोंडीबा सुतारानं, उलटा लावला हुता. लोक बोलत हुती ते खरं हाय. समजून लावला हुता, भार हुता म्हनून. मी बी तसाच लावनार. बुंधा वर. ज्येला हात लावायचा न्हाई त्येनं सोडा.”

सिद्धूने लगेच हात सोडला. “न्हाई रं बाबा,” तो म्हणाला, “मला अजून चार घरं बांदायची हैत.” त्याची दोन माणसं मागे सरली. तिसरा कुणाकडे पाहावं ते न कळून खांबाला धरूनच राहिला. पूजेला आलेल्या माणसांत कुजबुज सुरू झाली. कुणी तरी म्हणालं, अजितकुमारला वेड लागलंय.

गर्दीतून लालासाहेब पुढे आले. त्यांनी खांबावर हात ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो कुणी नातेवाईक आहे.

“हाच का तो?” त्यांनी विचारलं.

“व्हय जी,” आकाराम म्हणाला.

“माझ्या बायकोने बाकीच्या सत्तावीसांना हळदकुंकू लावलं,” लालासाहेब म्हणाले. “हा भिंतीत होता, राहून गेला.” मग ते सिद्धूकडे वळले. “अरे, मी विट्याकडच्या कोरडवाहूत मेंढरं राखत होतो, नऊ वर्षांचा. या खांबामुळे मान्यांना मूल झालं नाही, म्हणून मला आणलं, शाळेत घातलं, मालक केलं, असंच धरून चाल. मग मी याला शिव्या देऊ? ज्ञानू, धर तिकडून.”

“आवं, तुमी नगा, म्हातारं मानूस,” ज्ञानू म्हणाला, पण तंबाखू थुंकून त्याने खांद्याला खांब लावला. अजितने बाह्या सरसावल्या. तो बावरलेला तिसरा मजूर होताच. लालासाहेब दोराला लागले. मी वही गुणमालाच्या हातात दिली आणि त्यांच्या मागे दोर धरला. माझं बळ ते काय, पण धरला.

खांब वर गेला. एकदा डावीकडे कलला, तेव्हा बायका ओरडल्या. मग खालचं टोक दगडाच्या खळग्यात खट्‌कन बसलं. आकारामने ओळंबा सोडला आणि दोरीच्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. चारही अंगांनी फिरून आला. पुन्हा पाहिलं. पुन्हा फिरला.

“सरळ हाय की रं,” ज्ञानू म्हणाला. “किती बगशील?”

आकारामच्या आज्यानंतर त्या घराण्याच्या हातून उभा झालेला हा पहिला खांब. त्याने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता. टेकू लागले, दोर ताणून बांधले, तरी सोडेना. मला वाटतं, सोडला की काय होईल हे त्याला पाहायचं नव्हतं. ज्ञानूने त्याची बोटं एक एक करून सोडवली. खांब उभाच राहिला.

आकाराम दोन पावलं मागे आला. त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि सिद्धूला हाक मारली.

“बारावा आण. त्यो सुलटा हाय, भिऊ नगंस.”